आमेनची हजेरी

शमुवेल कोंडाजी भिंगारदिवे यांनी एकोणीस वर्षे दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना केली, आणि या एकोणीस वर्षांत एकाही राज्यकर्त्याने तिची दखल घेतल्याचे कुठे आढळत नाही. शमुवेलभाऊंना त्याचे वैषम्य नव्हते. अर्ज ज्याच्याकडे करायचा त्याच्याकडे पोचला की चिटणिसाचे काम संपले. ज्याच्यासाठी केला त्याला कळवीत बसायचे नसते, असे ते म्हणत.

परळच्या एका गिरणीत ते टाइम ऑफिसात हजेरी कारकून होते. सकाळच्या पाळीला दोन हजार माणसे दारातून आत जात आणि त्यांतले एकही त्यांच्या पेन्सिलीखालून निसटत नसे. पूर्ण दिवस, अर्धा दिवस, उशीर, रजा, बदली: माणसाच्या असण्यानसण्याचे एवढेच प्रकार या जगात आहेत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

लालबागला सरकीच्या गोदामामागे मराठी ख्रिस्ती मंडळीचे एक बैठे उपासना मंदिर होते. मंडळीतली बहुतेक कुटुंबे नगरकडून गिरणीकामाला आलेली. मोठी माणसे मोजून ब्याऐंशी. शमुवेलभाऊ तिथले पंच आणि चिटणीस. रविवारच्या भक्तीत उपदेशाच्या आधी राज्यकर्त्यांसाठी जी प्रार्थना होई, ती म्हणण्याचा मान एकोणीसशे सदतीस साली त्यांच्याकडे आला. त्यांच्या आधीच्या पंचांनी मरताना त्यांना एक जाड पुठ्ठा दिला होता. त्यावर प्रार्थनेचा मजकूर होता: आमचा राजा जॉर्ज याला दीर्घायुष्य दे, आरोग्य दे, आणि त्याच्या सर्व शत्रूंवर विजय दे.

शमुवेलभाऊंनी हा मजकूर प्राणापलीकडे जपला. स्वातंत्र्य शुक्रवारी आले आणि त्यानंतरच्या रविवारी, सतरा ऑगस्टला, त्यांनी उभे राहून शांतपणे राजा जॉर्जसाठी प्रार्थना केली. मंडळीत खळबळ उडाली. दुपारी चौघेजण जाब विचारायला घरी आले, तेव्हा भाऊंनी वर्तमानपत्रांची कात्रणे पुढे ठेवली आणि दाखवून दिले की देश स्वतंत्र झाला असला तरी कायद्याने राजा अजून तोच आहे. त्यांचे म्हणणे बरोबर होते, हीच मोठी अडचण होती. पुढची अडीच वर्षे मंडळीने दात आवळून राजासाठी आमेन म्हटले. प्रजासत्ताकानंतरच्या पहिल्या रविवारी भाऊंनी पुठ्ठ्यावरचे राजाचे नाव पेन्सिलीने खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिले: राष्ट्रपती, तसेच मुंबई राज्याचे मुख्यमंत्री व त्यांचे मंत्रिमंडळ.

पुढचे शब्द त्यांनी वाचून पाहिले नाहीत. ते त्यांना पाठ होते, आणि पाठ असलेली गोष्ट कुणी वाचत नाही.

एकोणीसशे छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे जाहीर झाले आणि गिरणगाव पेटले. आठवडाभर गोळीबार, संचारबंदी, अश्रुधूर. गिरण्या बंद होत्या. त्या आठवड्याच्या हजेरीपटावर एकालाही गैरहजर न लावता शमुवेलभाऊंनी शेरा मारला: ‘कामगार येण्यास तयार होते, गिरणी गैरहजर.’ वरच्या साहेबांनी त्यावर सही केली, बहुधा न वाचता.

एकोणतीस तारखेच्या रविवारी मंडळी पुन्हा जमली. पुरुष डावीकडे, स्त्रिया उजवीकडे, सगळ्यांचे डोळे मिटलेले. शमुवेलभाऊंनी पुठ्ठा हातात धरला, आपलेही डोळे मिटले आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने स्पष्ट, संथ आवाजात देवाकडे मागितले की मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांना व त्यांच्या मंत्रिमंडळाला दीर्घायुष्य दे, आरोग्य दे, आणि त्यांच्या सर्व शत्रूंवर विजय दे.

आमेन आले नाही.

असे कधीच घडले नव्हते. राजाच्या वेळीसुद्धा आमेन आले होते. शमुवेलभाऊ डोळे मिटून वाट पाहत राहिले. मग डावीकडच्या बाकावरून दौलत केदारींचा आवाज आला. दौलतराव साचेखात्यातले जुने विणकर आणि मंडळीचे पंच. त्यांचेही डोळे मिटलेलेच होते, कारण प्रार्थना अजून संपलेली नव्हती.

“भाऊ, एक विचारू? हे शत्रू म्हणजे कोण?”

शमुवेलभाऊंचा अंगठा पुठ्ठ्यावरून फिरला.

“माझा मेव्हणा दूध आणायला गेला होता. मांडीत गोळी घेऊन इस्पितळात पडलाय. तो धरलाय का ह्यात?”

“मजकूर जुना आहे, दौलतराव.”

“गोळी नवी आहे, भाऊ.”

एवढ्यात बाकांमधून एक एकटे, घाईचे आमेन ऐकू आले. ते जयवंत साळवे यांचे होते. जयवंतराव सचिवालयात कारकून, तेही पंच. त्यांच्या आमेनने प्रार्थना तांत्रिकदृष्ट्या संपली आणि लोकांना डोळे उघडता आले.

पुढच्या रविवारी भक्तीनंतर पंचमंडळ बसले. वृत्तांताच्या वहीत या बैठकीबद्दल ‘चर्चा झाली’ एवढेच दोन शब्द आहेत, आणि ते शमुवेलभाऊंच्याच हातचे असल्यामुळे त्यांना मुद्दाम केलेली काटकसर समजायला हवे, कारण चर्चा तीन तास चालली. पाळक रेव्हरंड गंगाधर ओहोळ अध्यक्ष होते. स्वभावाने भिडस्त, आणि कोणताही प्रश्न समितीकडे सोपवला की त्यांना शांत झोप लागे. पाचवे पंच दिवाळीत गावी गेले होते आणि मुंबईच्या बातम्या वाचून परतणे लांबणीवर टाकत होते.

शमुवेलभाऊंनी आपली चूक पहिल्या मिनिटाला कबूल केली. विजयाची ओळ राजाची होती, ती तशीच राहिली, आता काढून टाकू. प्रश्न इथेच मिटायला हरकत नव्हती. पण जयवंतराव म्हणाले की काढून टाकणे आता अशक्य आहे. कुणी भांडत नव्हते तेव्हा सहा वर्षे आपण सरकारला विजय मागितला. आता सरकारला खरेच त्याची गरज पडली, तर नेमका आताच तो परत घेतला असे दिसेल. जगात जी सत्ता असते ती देवाच्या परवानगीने असते असे शास्त्रात प्रेषिताने शिकवले आहे. शिवाय आपण मूठभर लोक, आपले मंदिर भाड्याच्या जागेत. ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून दूर राहावे, आणि दूर राहण्याचा उत्तम मार्ग म्हणजे छापल्याप्रमाणे आमेन म्हणणे.

दौलतरावांनी विचारले की ज्या बादशहाच्या अमलात प्रेषिताने हे शिकवले, त्याच बादशहाने पुढे प्रेषिताचे डोके उडवले अशी परंपरा आहे, ती जयवंतरावांच्या कानावर आली आहे काय? आणि शास्त्रातले संदेष्टे राजाच्या तोंडावर बोलत तेव्हा ते राजकारणापासून किती हात दूर उभे असत?

“आपण मराठी नाही का?” ते म्हणाले. “रविवारी ख्रिस्ती आणि सोमवारी मराठी, असं काही वेळापत्रक आहे का तुमच्या सचिवालयात?”

“तुला बोलायला काय जातंय? नोकरी माझी आहे.”

“मांडी माझ्या मेव्हण्याची आहे.”

तेव्हा पाळकसाहेबांना तोडगा सुचला. मंडळीचे खरे मत काय आहे हे आधी कळायला हवे. मतदान घेतले तर ते राजकारण होईल. पण प्रत्येक माणूस दर रविवारी आमेन म्हणून किंवा न म्हणून मत देतच असतो. ते फक्त टिपून घ्यावे. आणि हे काम करायला, ते शमुवेलभाऊंकडे वळून म्हणाले, देवाने आपल्याला हजेरी कारकून दिलेलाच आहे.

आपण यात काही वावगे करतो आहोत असे शमुवेलभाऊंना त्या वेळी वाटले नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. उलट त्यांना बरे वाटले. बारा फेब्रुवारीपासून आमेन-हजेरी सुरू झाली. त्यांनी दोनशे पानांची नवी वही आणली, उभ्या ओळी आखल्या, ब्याऐंशी नावे बाकांच्या क्रमाने घातली. मोठ्याने म्हटलेले आमेन पूर्ण. नुसते ओठ हलले तर अर्धे. शेजाऱ्याचे ऐकून मग म्हटले तर उशीर. गप्प बसले तर गैरहजर. एका म्हाताऱ्या बाईंना ऐकू येत नसे, त्यांचे आमेन त्यांची सून म्हणे. ते भाऊंनी बदली म्हणून लावले. स्वतःची पत्नी एस्तेरबाई नेमकी त्या क्षणी खोकत असे. तिच्या नावापुढे सलग सहा आठवडे ‘खोकला’ असा शेरा आहे, कारण तिला पूर्ण लावता येईना आणि गैरहजर लावायचे धैर्य होईना.

मजकूर अर्थातच जुनाच ठेवला होता. तो बदलला असता तर आमेन मोजण्यात अर्थ उरला नसता. म्हणजे ज्या ओळीवर कुणाचेच एकमत नव्हते, ती ओळ केवळ मोजणीच्या सोयीसाठी दर रविवारी देवापुढे जात होती.

मोजणी करायची तर डोळे उघडे ठेवावे लागत. एकोणीस वर्षांत शमुवेलभाऊंनी प्रार्थना करणारी मंडळी कधी पाहिलीच नव्हती. आता त्यांना दिसले की जयवंतराव सर्वांत मोठ्याने आमेन म्हणतात आणि म्हणताना समोरच्या बाकाची कड धरून ठेवतात. दौलतराव गप्प असतात, पण गप्प राहण्यासाठी त्यांना जबडा घट्ट आवळावा लागतो आणि डोळ्यांतून पाणी येते. या दोन्ही गोष्टींसाठी वहीत रकाना नव्हता.

तिसऱ्या रविवारी शेवटच्या बाकावर एक नवखा गृहस्थ येऊन बसला. पांढरा सदरा, हातात छत्री, चाळिशीचा. नाव विचारल्यावर त्याने सीताराम एवढेच सांगितले. भक्तीचा कार्यक्रम छापलेला कागद मिळाला तेव्हा त्याने आणखी एक मागून घेतला, “साहेबांसाठी”, आणि त्यामुळे तो पोलिसांच्या कोणत्या कचेरीतून आला आहे हे दहा मिनिटांत सर्वांना कळले. फक्त सुवार्ता समितीला कळले नाही. समितीने त्याचे नाव जिज्ञासूंच्या यादीत घातले, त्याला गीतांचे पुस्तक दिले आणि बाप्तिस्म्याच्या वर्गाची वेळ कळवली.

सीताराम मालवणकडचा, सज्जन आणि कामसू होता. लोकांत मिसळून राहावे असा त्याला हुकूम होता, आणि हे लोक मधूनमधून आमेन म्हणतात एवढे त्याने टिपले होते. नेमके कुठे म्हणतात हे मात्र कळत नव्हते, म्हणून सुरक्षित मार्ग म्हणून तो सगळीकडेच म्हणे. उपदेशातल्या प्रत्येक वाक्याला तो आमेन म्हणे. स्त्रियांची सभा गुरुवारी चार वाजता होईल, आमेन. मागच्या रविवारी एक काळी छत्री राहिली आहे, आमेन. राज्यकर्त्यांच्या प्रार्थनेलाही त्याचे आमेन खणखणीत येई. त्याला हजेरीत धरायचे की नाही यावर पंचमंडळात एक तास गेला आणि शेवटी जिज्ञासू म्हणून त्र्याऐंशीव्या ओळीत त्याचे नाव चढले.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, सकाळची पाळी सुटताना, सीताराम गिरणीच्या दारात शमुवेलभाऊंची वाट पाहत उभा होता. तो बराच वेळ छत्रीच्या दांड्याकडे पाहत होता.

“भाऊ, ती वही साहेबांना दोन दिवस हवी होती.”

“कोणती?”

“आमेनची. गप्प बसणाऱ्यांची नावं वेगळी काढायची आहेत.”

“कशाला?”

“बोलावून घेतील. आठ-पंधरा दिवस आत ठेवतील.” सीतारामने छत्री दुसऱ्या हातात घेतली. “मारणार नाहीत, बहुतेक.”

शमुवेलभाऊंनी सोमवारपर्यंत मुदत मागितली. घरी जाऊन त्यांनी सीतारामचे मागणे स्वतःशीच पुटपुटत वही उघडली. सहाही रविवार गैरहजर असलेली नावे एकतीस होती. एकेक नोंद अचूक होती. सुवाच्य, आखीव, तपासायला सोपी. एकतीस माणसांना तुरुंगात घालायला याहून चांगला कागद कुणी तयार करू शकले नसते. त्यांनी हयातीत खोटी हजेरी लावली नव्हती, म्हणून आता नोंदी बदलण्याचा विचारही त्यांच्या मनात टिकेना. पाळकसाहेबांकडे गेले, तर ते म्हणाले की वही पंचमंडळाची आहे, पंचमंडळ उद्या बसेल. जयवंतरावांना विचारले, तर त्यांनी नजर चुकवून सांगितले की कागद मागितला तर द्यावा लागतो, सचिवालयात तरी अशीच पद्धत आहे.

संध्याकाळी एस्तेरबाई भाकऱ्या थापत होती. तिला सगळे ऐकू गेले होते, कारण खोली एकच होती.

“एक सांगा,” ती म्हणाली. “रविवारी तुम्ही देवापुढे उभे असता की गेटवर?”

“पंचमंडळानं सोपवलेलं काम आहे.”

“डोळे उघडे ठेवून प्रार्थना करता म्हणे. सगळ्या बायका सांगतात.”

“मग त्यांचे कसे उघडे होते?”

एस्तेरबाई खोकली आणि तिने भाकरी उलटली.

झावळ्यांच्या रविवारी मंडळी दरवर्षी माहीमहून माडाच्या झावळ्या आणून, गाणी म्हणत, मंदिराला तीन फेऱ्या घालत असे. त्या वर्षी जमावबंदी होती. पाच माणसे एकत्र चालली तर गुन्हा. पाळकसाहेबांनी चार-चार जणांच्या तुकड्या पाडल्या आणि दोन तुकड्यांत वीस पावलांचे अंतर ठेवले. प्रभू गाढवावर बसून शहरात शिरला आणि गर्दीने त्याच्या नावाचा जयजयकार केला, त्याची ही आठवण. ती चौघाचौघांनी, हळू आवाजात, सीतारामच्या देखरेखीखाली साजरी झाली. एका फेरीत एक म्हातारी दमून मागे राहिली आणि मागच्या तुकडीत मिसळली. तेव्हा सीतारामने स्वतः धावत जाऊन त्या पाचजणांतून तिला वेगळे केले आणि आपल्या दंडाचा आधार देत एकटीलाच फेरी पुरी करायला लावली.

मग सगळे आत बसले. शमुवेलभाऊ उभे राहिले. त्यांच्या हातात पुठ्ठा नव्हता आणि वहीही नव्हती. त्यांनी डोळे मिटले.

ते म्हणाले, “हे प्रभू, मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांना दीर्घायुष्य दे आणि आरोग्य दे. त्यांना विजय देऊ नकोस. ज्यांना गोळ्या लागल्या ते त्यांचे शत्रू नव्हते. हे त्यांना समजेपर्यंत त्यांना चैन पडू देऊ नकोस, आणि समजल्यावर त्यांना शांती दे. ती त्यांना सोसवेल इतकी मोठी दे. आणि तुझ्या घरात जो माणूस आमेनची हजेरी घेत होता, त्याला क्षमा कर. त्याने वही बंद केली आहे.”

दौलतराव आमेन म्हणाले नाहीत, कारण तसल्या माणसाला दीर्घायुष्य मागितलेले त्यांच्या घशाखाली उतरेना. जयवंतराव म्हणाले नाहीत, कारण विजय नाकारला होता. बाकीचे या दोघांकडे पाहत राहिले. एस्तेरबाईला त्या दिवशी खोकला आला नाही, पण तीही वाट पाहत होती.

“आमेन,” शेवटच्या बाकावरून सीताराम खणखणीत आवाजात म्हणाला.

आपण एकटेच बोललो हे त्याच्या लक्षात आले, आणि मग आपण कशाला होकार दिला हेही.

पंचमंडळ लगेच बसले. मंजूर मजकूर बदलला आणि मंडळीची वही पंचमंडळाच्या ताब्यात देण्यास नकार दिला, म्हणून शमुवेलभाऊंना चिटणीसपदावरून आणि राज्यकर्त्यांच्या प्रार्थनेवरून दूर करण्याचा ठराव आला. तो जयवंतरावांनी मांडला आणि दौलतरावांनी अनुमोदन दिले. जानेवारीपासून या दोघांचे प्रथमच एकमत झाले होते, त्यामुळे पाळकसाहेबांनी समाधानाने देवाचे आभार मानले. ठराव शमुवेलभाऊंनीच वृत्तांताच्या वहीत लिहिला, कारण तो लिहून होईपर्यंत चिटणीस तेच होते. ‘एकमताने’ हा शब्द त्यांनी खोडला आणि ‘तीन विरुद्ध शून्य, चिटणीस तटस्थ’ असे दुरुस्त केले. पुठ्ठा टेबलावर ठेवताना मात्र त्यांचा हात त्यावरून लवकर निघेना. एकोणीस वर्षांत त्यांनी मिळवलेले तेवढेच होते.

बाहेर पडताना दौलतरावांनी त्यांना गाठले. “भाऊ, वही देऊन टाका. आम्ही जातो आत. आम्हांला त्याचं काय नाय.”

“तुम्ही गेलात तर सत्याग्रही म्हणून जा,” शमुवेलभाऊ म्हणाले. “प्रार्थनेत गप्प बसलात म्हणून नको.”

सोमवारी सीताराम गिरणीच्या दारात आला. डोळे सुजलेले, हातात छापील कागद. रिपोर्ट लिहावाच लागेल, असे तो म्हणाला. शमुवेलभाऊंनी कागद घेऊन वाचला.

“‘सदर इसमाने टाळाटाळ केली.’ टाळाटाळ नाही. नकार दिला. खोडा ते.”

सीतारामने खोडले. मग शमुवेलभाऊंनी आपले पूर्ण नाव, चाळ, खोली, गिरणीतला नंबर आणि कामाच्या वेळा सांगितल्या. कोणत्या वेळी घरी सापडतील तेही सांगितले. पत्ता अर्धवट राहिला असता तर त्यांना झोप लागली नसती.

“कारण काय लिहू?”

“प्रार्थनेत कोण गप्प बसलं हे देवानं विचारायचं असतं. ते चिटणिसानं विचारलं, ही चिटणिसाची चूक. त्या चुकीचा उपयोग तिसऱ्याला करू देता येणार नाही.”

“एवढं मावत नाही, भाऊ. कारणाला दीडच ओळ आहे.”

“मग लिहा, वही चुकीची आहे.”

“म्हणजे खोटी?”

“खोटी नाही. नोंद न् नोंद खरी आहे. चुकीची आहे.”

सीतारामने लिहिले. कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “आणि भाऊ, ते माझं कालचं आमेन. ते कुठं...”

“वही बंद होती, सीतारामजी.”

शनिवारी पोलीस पकडायला आले. खोलीची झडती झाली आणि ट्रंकेच्या तळाशी वही सापडली. सीतारामच्या साहेबांनी ती उघडली. पहिली सहा पाने मुळापासून नव्हती. उरलेली सगळी कोरी. साहेबांनी ती उजेडाकडे धरली, पाने वासून पाहिली, एक कोपरा ओला करून पाहिला. शमुवेलभाऊंनी तर साहेबांपेक्षा जास्त आश्चर्याने पाहिले, आणि मग एस्तेरबाईकडे. आठवड्यापूर्वी, भाऊ पाळकसाहेबांकडे गेलेले असताना, तिने ती सहा पाने शेगडीला लावली होती. कोरी ठेवली होती, कारण चांगला कागद वाया घालवणे तिला पसंत नव्हते. ती खोकली.

कोरी वही द्यायला नकार देऊन स्वतःहून पत्ता सांगणारा माणूस साहेबांना भरलेली वही दडवणाऱ्यापेक्षा फार धोकादायक वाटला. शमुवेलभाऊंना ते सतरा दिवसांसाठी घेऊन गेले.

बराकीत संयुक्त महाराष्ट्राचे चाळीस सत्याग्रही होते. परळच्या एका मास्तरांनी (बातमीत कारकुनाचा मास्तर झाला होता) पोलिसांना एकही नाव दिले नाही ही बातमी त्यांच्या आधीच पोचली होती, म्हणून घोषणांनी स्वागत झाले आणि भिंतीलगतची बरी जागा त्यांना मिळाली. दुसऱ्या दिवशी ईस्टरचा रविवार. सकाळी शमुवेलभाऊ उठले, तोंड धुतले, बराकीच्या मधोमध उभे राहिले आणि डोळे मिटून मुख्यमंत्र्यांसाठी प्रार्थना करू लागले.

ती संपली तेव्हा चाळीसजण त्यांच्याकडे पाहत होते. कुणीतरी शिवी हासडली. घोडपदेवच्या चाळीतले रामजी, कताईखात्यातले सर्वांत वयस्क कामगार, कांबळे बाजूला सारून पुढे आले.

“ओ मास्तरानू, ज्यानं आत टाकलं त्याच्याच तब्येतीची काळजी करताव?”

“तब्येतीची करतो. विजयाची नाही.”

“म्हणजे तो बरा राहावा आणि हरावा.”

शमुवेलभाऊ विचारात पडले. पंचमंडळात इतक्या थोडक्यात हे कुणाला मांडता आले नव्हते. “साधारण तसंच,” ते म्हणाले. “आणि हरल्यावर त्याला बरं वाटावं.”

“हे म्हणजे लय मागणं झालं.”

“हो.”

रामजींनी तळहातावर तंबाखू मळली. “तुमच्यात शेवटी सगळे काहीतरी म्हणतात ना?”

“आमेन. पटलं तर म्हणायचं.”

“आणि नाय पटलं तर?”

“गप्प बसायचं.”

“गप्प बसलेल्यांची नावं?”

“कुणी घेत नाही.”

रामजींनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतले. मग ते बराकीकडे वळून म्हणाले, “ऐका रे. मास्तर परत एकदा म्हणणार हायत. पटला तर बोला, नाय पटला तर गप ऱ्हावा. नावं कोण घेणार नाय.”

शमुवेलभाऊंनी ती प्रार्थना पुन्हा, सावकाश, शेवटपर्यंत म्हटली. ती संपल्यावर बराकीत आमेन झाले की नाही, झाले असल्यास किती जणांचे, हे सांगता येत नाही. चाळीसजणांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ज्या एका माणसाच्या मोजणीवर विश्वास ठेवता आला असता, त्याने बराच वेळ डोळे उघडले नव्हते.